ज्यूरीला कळेल अशा भाषेत

२०१२ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे शहरात, संघीय न्यायालयाच्या एका बंद खोलीत नऊ माणसे ॲपल आणि सॅमसंग यांच्या भांडणाचा निकाल लावत बसली होती. दोन बोटांनी चित्र मोठे करणे, यादी संपली की ती किंचित उसळून मागे येणे, फोनच्या दर्शनी बाजूची गोल कोपऱ्यांची ठेवण, अशा गोष्टींवरची पेटंटे ॲपलकडे होती आणि सॅमसंगने ती सर्रास उचलली, असा आरोप होता. सॅमसंगचेही ॲपलवर उलट आरोप होते. न्यायाधीश ल्युसी को यांनी ज्यूरीला दिलेल्या लेखी सूचनाच १०९ पानांच्या होत्या. निकालाचा जो तक्ता भरायचा तो वीस पानी, आणि त्यात सातशेच्या आसपास प्रश्न: हा फोन, हे पेटंट, उल्लंघन झाले की नाही, तो फोन, तेच पेटंट, झाले की नाही. तीन दिवस पुरे व्हायच्या आत नऊ जणांनी सगळी उत्तरे भरली आणि सॅमसंगने ॲपलला सुमारे १०५ कोटी डॉलर द्यावेत असा कौल दिला. तो ऐकून अनेकांनी कपाळाला हात लावला. इतके किचकट तंत्रज्ञान, एवढी मोठी रक्कम, आणि निर्णय कोणाच्या हाती, तर मतदारयाद्यांसारख्या नोंदींतून नावे काढून बोलावलेल्या माणसांच्या?

या नऊ जणांपुढे उभे राहून बोलणाऱ्या वकिलांचा पेशा समजून घ्यायचा, तर आधी याच प्रश्नाला भिडावे लागते. तंत्रज्ञान कंपन्यांचे बौद्धिक संपदेचे खटले लढवणारा अमेरिकी वकील म्हटले की दोन चित्रे डोळ्यांपुढे येतात: एक, यंत्रातले आणि कायद्यातले सगळे कळणारा पंडित, दुसरे, कोट्यवधींच्या भांडणात भाड्याने मिळणारा पैलवान. दोन्ही चित्रांत थोडे तथ्य आहे, पण कामाचा गाभा दोन्हींतून निसटतो. या वकिलाचे खरे काम समजावून सांगणे हे आहे. आणि ज्यांना तंत्रज्ञान कळत नाही त्यांच्यापुढेच ते मांडावे लागते, या सक्तीमुळेच हा पेशा समाजाच्या उपयोगाचा राहिला आहे, असे माझे मत आहे. ते सगळ्यांना पटणार नाही. त्याविरुद्धचे आक्षेप वजनदार आहेत आणि त्यांतला एक तर मला बराचसा मान्य करावा लागतो.

ज्यूरी हा शब्द मराठी वाचकाला आठवतो तो १९५९ च्या नानावटी खटल्यामुळे. मुंबईच्या त्या ज्यूरीने दिलेला कौल न्यायाधीशांनी अमान्य केला आणि पुढे देशातून ज्यूरी नाहीशीच झाली. अमेरिकेत मात्र ती राज्यघटनेतच बसली आहे, आणि फौजदारीपुरती नाही. १७९१ च्या सातव्या घटनादुरुस्तीने वीस डॉलरांहून अधिक रकमेच्या दिवाणी वादातही पक्षकाराला ज्यूरी मागण्याचा हक्क दिला. पेटंट आणि कॉपीराइट यांची तरतूदही त्याच घटनेच्या मूळ मसुद्यातली. विज्ञान आणि उपयुक्त कलांची वाढ व्हावी म्हणून संशोधकाला ठरावीक काळापुरता हक्क द्यावा, असे ती सांगते. या दोन कलमांची गाठ पडली आणि मायक्रोचिपवरचा वाद शिक्षिका, वीजतंत्री, दुकानदार यांच्यापुढे येऊ लागला. संघीय न्यायालयातल्या दिवाणी ज्यूरीत कमीत कमी सहा आणि जास्तीत जास्त बारा जण असतात, आणि उभयपक्षी वेगळे ठरले नसेल तर कौल एकमताचा लागतो. म्हणजे बहुतेकांना पटले एवढ्याने वकिलाचे भागत नाही. मागच्या रांगेत गप्प बसलेल्या, एकही टिपण न काढणाऱ्या माणसालाही ते पटावे लागते.

इथवर पोचण्याचा रस्ता लांबचा असतो. पदवी, त्यानंतर तीन वर्षांचे कायद्याचे शिक्षण, राज्याची वकिलीची परीक्षा. पेटंट कार्यालयात अर्ज चालवायचे तर वेगळी नोंदणी लागते आणि तिच्यासाठी विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पार्श्वभूमी सक्तीची असते. मात्र न्यायालयात पेटंटचा खटला लढवायला ही अट नाही. त्यामुळे या क्षेत्रात दोन प्रकारची माणसे भेटतात: आधी अभियंता असून नंतर वकील झालेली, आणि इतिहास किंवा साहित्य शिकून आलेली, पण साक्षीदाराला प्रश्न विचारण्यात तरबेज असलेली. मोठ्या खटल्यात दोघेही लागतात. पहिला कोड वाचतो, दुसरा त्याला पुन्हा पुन्हा विचारतो, ‘हे मला कळले नाही, परत सांग.’ हा दुसरा वकील ज्यूरीत बसणाऱ्या सामान्य माणसासारखा असतो, म्हणून त्याची किंमत. अनेक तरुण वकील एखाद्या न्यायाधीशाच्या हाताखाली वर्ष-दोन वर्षे काम करून मग मोठ्या फर्ममध्ये शिरतात आणि आठ-दहा वर्षे कागदपत्रे, जबान्या, अर्ज यांच्या ढिगाऱ्याखाली काढतात.

त्या ढिगाऱ्यातली एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. सॉफ्टवेअरच्या खटल्यात समोरच्या कंपनीचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमरांनी लिहिलेला मूळ मजकूर, तपासावा लागतो. हे त्या कंपनीचे सर्वांत जपलेले धन. म्हणून न्यायालयाच्या गोपनीयतेच्या आदेशाखाली तो एका वेगळ्या खोलीतल्या, इंटरनेट नसलेल्या संगणकावर ठेवला जातो. तपासणाऱ्याने पेन ड्राइव्ह लावायचा नाही, कोडची प्रत न्यायची नाही, छापील पाने हवी असतील तर ठरलेल्या मोजक्या संख्येतच. काही कागदांवर तर ‘फक्त वकिलांनी पाहावे’ असा शिक्का असतो. खुद्द आपल्या अशिलालाही ते दाखवता येत नाहीत. अशा खोलीत आठवडेच्या आठवडे बसून वकील आणि त्याचा तज्ज्ञ लाखो ओळींतून चाळीस-पन्नास ओळी वेचून काढतात. त्यानंतर साक्षीदारांच्या कोर्टाबाहेर शपथेवर घेतलेल्या जबान्या. नियमाने एका साक्षीदाराला एक दिवस, सात तास. प्रोग्रॅमर सहसा नेमके बोलणारा असतो आणि त्याला नेमकेच प्रश्न विचारावे लागतात. सैल प्रश्न विचारला की सैल उत्तर मिळते आणि ते दोन वर्षांनी ज्यूरीपुढे आपल्याच अंगावर येते.

या सगळ्या गुप्ततेतून शेवटी उघड्या न्यायालयात काय मांडायचे, हे ठरवण्यात या पेशाची कसोटी असते. पेटंटच्या शेवटी क्रमांक घातलेली वाक्ये असतात, त्यांना वकील ‘क्लेम’ म्हणतात. जमिनीच्या खरेदीखतात जशी चतुःसीमा, तशी ही वाक्ये संशोधकाच्या हक्काची हद्द आखतात. हद्दीचा एकेक शब्द किती महाग पडतो ते एका साध्या धंद्यातल्या खटल्याने दाखवून दिले. हर्बर्ट मार्कमन यांनी ड्रायक्लिनिंगच्या दुकानात आलेल्या कपड्यांचा माग ठेवणाऱ्या यंत्रणेचे पेटंट घेतले होते. कीबोर्ड, प्रोसेसर, प्रिंटर आणि कपड्यांना लावायच्या बारकोडच्या चिठ्ठ्या. वेस्टव्ह्यू या कंपनीने आपलीच कल्पना वापरली असा त्यांचा दावा होता. पण वेस्टव्ह्यूची यंत्रणा बिले आणि येणे रक्कम यांचीच नोंद ठेवत होती, कपड्यांची नव्हे. मग क्लेममधला ‘इन्व्हेन्टरी’ हा शब्द नुसत्या हिशेबालाही लागू पडतो, की त्यात कपडे असलेच पाहिजेत? ज्यूरीने मार्कमन यांच्या बाजूने कौल दिला, न्यायाधीशांनी तो फिरवला, आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की क्लेममधल्या शब्दांचा अर्थ लावणे हे न्यायाधीशाचे काम, ज्यूरीचे नाही. तेव्हापासून बहुतेक पेटंट खटल्यांत शब्दार्थाची वेगळी सुनावणी होते आणि तिला मार्कमन यांचेच नाव पडले आहे. अनेक खटल्यांचे भवितव्य तिथेच ठरते. म्हणजे ज्यूरीच्या हातात सगळे काही सोपवले आहे, हा समज मुळात चुकीचा आहे. दस्तऐवजाचा अर्थ कायदा जाणणाऱ्याने लावायचा आणि त्या अर्थात समोरच्याचे यंत्र बसते का, हे सामान्य माणसांनी ठरवायचे, अशी ही वाटणी आहे.

तरीही मूळ आक्षेप उरतोच: यंत्र बसते की नाही हे तरी त्यांना कसे कळणार? ॲपल-सॅमसंग खटल्यातच आक्षेपकांना भरपूर पुरावा मिळतो. पहिल्या तक्त्यात ज्यूरीने एक-दोन उपकरणांबाबत परस्परविसंगत उत्तरे दिली होती, आणि ती दुरुस्त करायला त्यांना परत पाठवावे लागले. नंतर न्यायाधीश को यांनी भरपाईतले सुमारे ४५ कोटी डॉलर बाजूला काढले, कारण हिशेबाची पद्धत कायद्यात बसत नव्हती. ज्यूरीचा प्रमुख स्वतः एका पेटंटाचा धनी होता. त्याने इतरांवर छाप पाडली म्हणून नवा खटला घ्या, असाही सॅमसंगचा अर्ज होता, तो फेटाळला गेला. पुढे डिझाइन पेटंटांच्या भरपाईचा प्रश्न २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला, परत आला, २०१८ मध्ये दुसऱ्या ज्यूरीने ५३.९ कोटी डॉलर ठरवले आणि त्यानंतर सुमारे महिन्याभराने दोघांनी तडजोड केली. सात वर्षे चाललेल्या या भांडणात ज्यूरीच्या चुका झाल्या, यात शंका नाही.

पण चुका झाल्या म्हणजे विषय आवाक्याबाहेरचा होता, असे होत नाही. हे ताडून पाहायचे तर ज्यूरीच्या जागी तज्ज्ञ असते तर काय झाले असते ते पाहावे लागेल, आणि त्यासाठी ओरॅकल विरुद्ध गुगल या खटल्याइतके चांगले उदाहरण माझ्या माहितीत नाही. २०१० मध्ये ओरॅकलने दावा लावला. अँड्रॉइड बनवताना गुगलने ओरॅकलच्या मालकीच्या जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या ३७ संचांमधल्या सुमारे ११,५०० ओळी जशाच्या तशा घेतल्या होत्या. काम प्रत्यक्षात करणारा कोड गुगलने स्वतः लिहिला. घेतल्या त्या फक्त नावे आणि मांडणी जाहीर करणाऱ्या ओळी, ज्या लाखो प्रोग्रॅमरांच्या बोटांना सवयीच्या होत्या. ही चोरी की कॉपीराइट कायद्याला चालणारा रास्त वापर? २०१६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या ज्यूरीने कौल दिला: रास्त वापर. मुख्यतः पेटंटाच्या अपिलांसाठी १९८२ मध्ये स्थापन झालेल्या, तांत्रिक वादांत मुरलेल्या फेडरल सर्किट न्यायालयाने २०१८ मध्ये तो उलटवला. आणि ५ एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी सांगितले: रास्त वापर. रास्त वापराचा अंतिम प्रश्न कायद्याचा असल्याने तो न्यायालयानेच ठरवायचा, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने आपला स्वतंत्र निर्णय दिला, ज्यूरीपुढे नुसती मान तुकवली नाही, हे इथे सांगायला हवे. तरी अकरा वर्षांच्या त्या प्रवासात सामान्य माणसांची ज्यूरी आणि देशाचे सर्वोच्च न्यायालय एकाच ठिकाणी पोचले, आणि मधले तज्ज्ञ न्यायालय वेगळ्या ठिकाणी. एका खटल्यावरून नियम सिद्ध होत नाही. पण तज्ज्ञांना सहज दिसते आणि सामान्यांना दिसतच नाही, या गृहीतकाला त्याने मोठे भगदाड पाडले.

याच खटल्याच्या पहिल्या फेरीत, २०१२ मध्ये, घडलेला प्रसंग तज्ज्ञतेच्या बाजूने सांगितला जातो, आणि तो सांगितलाही पाहिजे. न्यायाधीश विल्यम ॲल्सप छंद म्हणून प्रोग्रॅम लिहिणारे. गुगलच्या कोडमध्ये ‘रेंजचेक’ नावाच्या नऊ ओळी जावाशी तंतोतंत जुळत होत्या. दिलेली मर्यादा यादीच्या बाहेर जात नाही ना, एवढेच त्या तपासतात. ओरॅकलचे वकील डेव्हिड बॉइज हे अमेरिकेतल्या सर्वांत नावाजलेल्या खटलेवकिलांपैकी एक. या नऊ ओळी उचलल्याने गुगलचा वेळ वाचला, बाजारात लवकर उतरता आले, असा मुद्दा त्यांच्याकडून येताच ॲल्सप यांनी तो जागच्या जागी तोडला: असा कोड मी स्वतः कितीतरी वेळा लिहिला आहे, तो कोणालाही लिहिता येईल. न्यायाधीशाला विषय कळत असला की फुगवलेला युक्तिवाद तिथेच फुटतो, हे खरे. पण त्याच ॲल्सप यांनी त्याच फेरीत दिलेला, त्या मांडणीला कॉपीराइटच लागू होत नाही हा निर्णय दोन वर्षांनी अपिलात रद्द झाला. आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयात हा वाद ज्यांनी मिटवला ते न्यायमूर्ती ब्रायर काही प्रोग्रॅमर नव्हते. निकालपत्रात त्यांनी वाचकापुढे एक यंत्रमानव उभा केला: ठरावीक कळा दाबल्या की तो अमुक कपाटाकडे जातो, तमुक खण उघडतो, तिथला पाककृतीचा कागद काढतो आणि स्वयंपाकघरातल्या आचाऱ्याला नेऊन देतो. कपाट-खणांची नावे म्हणजे गुगलने घेतलेल्या ओळी. पाककृती म्हणजे गुगलने स्वतः लिहिलेला कोड. ही समजूत कोर्टात आपोआप तयार झाली नाही. दहा वर्षे दोन्ही बाजूंच्या वकिलांनी, तज्ज्ञ साक्षीदारांनी, न्यायालयमित्रांच्या निवेदनांनी हा विषय घासूनपुसून सोपा करत आणला, म्हणून न्यायमूर्तींना तो एका परिच्छेदात बसवता आला.

इथे एक बारकाईचा आक्षेप येतो आणि तो अभियंते आवर्जून घेतात. सोपे करताना खोटे होते. कोड म्हणजे पाककृती नव्हे, कपाट नव्हे. उपमा जिकडे झुकते तिकडे निकाल झुकतो आणि चतुर वकील उपमेच्या आडून सत्य पळवतो. ही भीती अस्थानी नाही. पण या व्यवस्थेत उपमा एकट्याने कधीच बोलत नाही. ओरॅकलच्या बाजूनेही तितक्याच ताकदीच्या उपमा होत्या आणि न्यायमूर्तींनी प्रश्नांच्या फैरी झाडून दोन्हींची शकले केली. तज्ज्ञ साक्षीदाराला पिंजऱ्यात येण्यापूर्वी न्यायाधीशाच्या चाळणीतून जावे लागते. त्याची पद्धत विश्वसनीय आहे की नाही हे तपासायचा नियम १९९३ च्या डॉबर्ट खटल्यापासून पक्का आहे. त्यानंतर उलटतपासणी. समोरचा वकील त्याच विषयात दोन-तीन वर्षे बुडालेला असतो आणि सोपेपणाच्या नावाखाली वाकवलेला प्रत्येक तपशील पकडण्यासाठीच त्याला पैसे मिळत असतात. वेळही अमर्याद नसतो: ॲपल-सॅमसंग खटल्यात प्रत्येक बाजूला २५ तास दिले होते आणि आपली सरतपासणी काय, समोरच्याची उलटतपासणी काय, सगळे त्याच घड्याळातून वजा. अशा वेळी अवघड शब्दांचे धुके पसरवणे परवडत नाही, आणि पकडले जाईल असे सोपे खोटे तर त्याहून परवडत नाही. त्याच वादाच्या आधीच्या टप्प्यावर, २०११ मध्ये, न्यायाधीश को यांनी दोन हातांत दोन टॅब्लेट उंच धरून सॅमसंगच्या वकिलांना विचारले, यातला तुमचा कोणता? सॅमसंगच्या वकील कॅथलीन सलिव्हन या स्टॅनफर्डच्या विधी महाविद्यालयाच्या माजी अधिष्ठाता. इतक्या लांबून सांगता येत नाही, असे त्या म्हणाल्या. शेकडो पानांच्या अर्जांनी जे धूसर झाले होते ते त्या एका प्रश्नाने स्पष्ट झाले. तो प्रश्न विचारायला न्यायाधीशाला अभियांत्रिकीची पदवी लागली नाही.

तिसरा आक्षेप पैशाचा आणि ठिकाणाचा. हा मला बराचसा मान्य आहे. मोठ्या पेटंट खटल्याचा खर्च लाखो डॉलरांच्या घरात जातो. तो ज्याला झेपतो त्याचेच वकील चांगले समजावून सांगतात. शिवाय ज्यूरी कुठली हवी हे निवडता येत असेल, तर समजावण्याची परीक्षाच सैल होते. टेक्सासच्या पूर्व भागातले मार्शल हे जेमतेम चोवीस हजार वस्तीचे गाव. वेगाने चालणारे खटले आणि पेटंटधारकांना अनुकूल अशी ख्याती, यांमुळे जगभरच्या कंपन्यांचे दावे तिथे लोटले. २०१५ मध्ये देशातल्या एकूण पेटंट दाव्यांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक त्या एका पूर्व टेक्सास जिल्ह्यात दाखल झाले. त्यांत स्वतः काहीही न बनवता केवळ पेटंटे विकत घेऊन दावे लावणाऱ्या कंपन्यांचा भरणा होता. त्या गावात सॅमसंगने कोर्टाजवळ बर्फावर स्केटिंग करायचा रिंक पुरस्कृत केला आणि शाळकरी मुलांना शिष्यवृत्त्या दिल्या. ज्यूरीत कधी ना कधी याच घरांतली माणसे बसणार, हे उघड होते. २०१७ मध्ये टीसी हार्टलँड खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दावा कुठे लावायचा याला बंध घातला, तेव्हा मार्शलचा ओघ आटला. मग तोच प्रकार वेको गावात एका न्यायाधीशाकडे सुरू झाला आणि २०२२ मध्ये तिथलेही दावे इतर न्यायाधीशांमध्ये वाटून द्यावे लागले. हा सगळा प्रकार पेशाला शोभणारा नाही, आणि त्यात वकिलांचा वाटा मोठा आहे.

मात्र यावरचा उपाय ज्यूरी काढून टाकणे हा आहे, असे मला वाटत नाही. पैसेवाल्याची ताकद बंद दाराआडच्या तांत्रिक समितीपुढे कमी होत नाही, वाढते. तिथे कोणाचे लक्ष नसते. उलट बाजूचे उदाहरण रॉबर्ट कर्न्स यांचे. मोटारीच्या काचेवरचा वायपर थांबून थांबून फिरवण्याची युक्ती या प्राध्यापकाने शोधली आणि साठच्या दशकात पेटंट घेतले. फोर्डने तशीच यंत्रणा गाड्यांत बसवली. कंपनीचा बचाव असा की यात शोध कसला, सगळे सुटे भाग तर बाजारात आधीपासून होते. १९७८ मध्ये दाखल झालेला दावा १९९० मध्ये डेट्रॉइटच्या, म्हणजे मोटारींच्याच गावच्या, ज्यूरीपुढे चालला आणि ज्यूरीने फोर्डने उल्लंघन केल्याचे मान्य केले. मुद्दाम केले असे मात्र म्हटले नाही. शेवटी १ कोटी २ लाख डॉलरांवर मिटले. क्रायस्लरविरुद्धचा दावा कर्न्स यांनी वकिलाशिवाय स्वतः चालवला आणि जिंकला. त्यांना फार मोठी किंमत मोजावी लागली, तो न्याय वेळेवर मिळाला असे कोणी म्हणणार नाही. पण जुन्या भागांची नवी जुळणी हा शोध असू शकतो, ही सूक्ष्म गोष्ट मोटारीच्या गावातल्या साध्या माणसांना उमगली.

राहता राहिला पैलवानाचा आरोप: आज या बाजूने, उद्या त्या बाजूने. चार्ल्स व्हरहोवेन या वकिलाने २०१२ मध्ये सॅमसंगचा, म्हणजे नक्कल केल्याचा आरोप असलेल्याचा, बचाव केला, आणि २०१८ मध्ये चालकाविना चालणाऱ्या मोटारींच्या वेमो कंपनीच्या वतीने, म्हणजे आमचे चोरले म्हणणाऱ्याच्या वतीने, ते उबरविरुद्ध उभे राहिले. यात मला काही गैर दिसत नाही. दोन्ही बाजूंनी लढलेल्या वकिलाला समोरच्याचा सर्वांत चांगला मुद्दा कोणता हे ठाऊक असते आणि ज्यूरीला तो आधीच ऐकवावा लागतो हेही. वेमोचा दावा उभा कसा राहिला ते पाहा. पुरवठादाराच्या एका ईमेलची प्रत चुकून वेमोच्या कर्मचाऱ्याला गेली, तिला उबरच्या लायडार, म्हणजे लेसरने अंतर मोजणाऱ्या, यंत्रातल्या सर्किट बोर्डाचे रेखाटन जोडलेले होते आणि ते वेमोच्या रचनेसारखे दिसत होते. मग तपासात एका माजी अभियंत्याने नोकरी सोडण्यापूर्वी सुमारे १४,००० फाइली उतरवून घेतल्याचा आरोप पुढे आला. खटला सुरू झाल्यावर पाचव्या दिवशी उबरने आपल्या भांडवलाचा ०.३४ टक्के हिस्सा, तेव्हाच्या किमतीने सुमारे २४.५ कोटी डॉलर, देऊन तडजोड केली. ज्यूरीला कौल द्यावाच लागला नाही. तरी ती समोर बसली होती, साक्षी ऐकत होती, म्हणून तडजोड झाली.

भारतातली स्थिती याच्या उलट टोकाला आहे आणि तिचा एक धागा पुण्यापर्यंत येतो. बजाज ऑटोने दोन स्पार्क प्लगच्या इंजिनाच्या पेटंटावरून टीव्हीएसविरुद्ध मद्रास उच्च न्यायालयात धाव घेतली. २००८ मध्ये एकल न्यायाधीशांनी मनाई हुकूम दिला, २००९ मध्ये खंडपीठाने तो उठवला आणि त्याच सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने असे दावे रोजच्या रोज चालवून लवकर संपवा असे बजावले. तरी वाद रेंगाळत राहिला आणि २०१९ मध्ये दोन्ही कंपन्यांनी तो आपसांत मिटवला. आपल्याकडे बौद्धिक संपदेचे बरेचसे युद्ध अंतरिम मनाई मिळते की नाही यावरच जिंकले किंवा हरले जाते. साक्षी-उलटतपासणी कागदावर राहते. पेटंट कायद्याच्या ११५ व्या कलमाने न्यायालयाला वैज्ञानिक सल्लागार नेमता येतो, २०२१ पासून दिल्ली उच्च न्यायालयात स्वतंत्र बौद्धिक संपदा विभागही आहे, आणि २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने पूर्ण सुनावणीनंतर लावा कंपनीने एरिक्सनला २४४ कोटी रुपये द्यावेत असा निकाल दिला. ज्यूरी आणा असे मी म्हणत नाही. पण अभियंत्याने पिंजऱ्यात उभे राहून साध्या भाषेत उत्तर द्यायची वेळच येत नसेल, तर ते उत्तर तयार करणारे वकीलही घडत नाहीत.

हीच चिंता आता अमेरिकेतही आहे. दाखल झालेल्या पेटंट दाव्यांपैकी अगदी थोडे प्रत्यक्ष सुनावणीपर्यंत पोचतात. बाकीचे तडजोडीत, अर्जांत, किंवा २०१२ पासून पेटंट कार्यालयातच सुरू झालेल्या फेरतपासणीत संपतात. पस्तिशीतल्या वकिलाने शेकडो जबान्या वाचलेल्या असतात आणि ज्यूरीपुढे एकही साक्षीदार तपासलेला नसतो. अशिलालाही पन्नास कोटी डॉलरांच्या दाव्यात अनुभवी माणूसच उभा हवा असतो. म्हणून ॲल्सप यांच्यासारख्या काही न्यायाधीशांनी आपल्या आदेशांत तरुण वकिलांना बोलू द्या असे पक्षकारांना उघडपणे सुचवले. कनिष्ठ वकील युक्तिवाद करणार असेल, तर एरवी कागदांवरच निकालात काढायच्या अर्जालाही तोंडी सुनावणी मिळू लागली. कोडच्या खोलीत महिनोन्महिने बसलेल्या, त्या ओळी ज्याने प्रत्यक्ष वाचल्या त्याच माणसाने उठून त्या समजावून सांगाव्यात, अशी ती व्यवस्था आहे.